खान्देशातून म्हैसूरच्या झूला: आफ्रिकेचे प्राणी नीट बघायचे असतील तर

म्हैसूर-उटीची सहल करणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या बहुतेक कुटुंबांच्या कार्यक्रमात झूच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. सकाळी राजवाडा, दुपारी झू, संध्याकाळी वृंदावन गार्डन, हा यात्रा कंपन्यांचा ठरलेला बेत. त्या दोन तासांत वाघासमोर गर्दी, माकडांसमोर हशा, पोरांना आइस्क्रीम, की लगेच बसचा हॉर्न. माझा सल्ला सरळ आहे. झूला अख्खी सकाळ द्या आणि ती वाघ-बिबट्यांवर घालवू नका.

वाघावर माझा राग नाही. पण मुक्ताईनगरकडच्या डोलारखेडा-वढोद्याच्या जंगलात वाघ आहेत, केळीच्या बागांपर्यंत येतात. बिबट्याची बातमी चाळीसगावपासून यावलपर्यंत पेपरात असतेच. रोही आणि हरणं तर हरभऱ्यात स्वतःहून येऊन जातात आणि वनखात्याकडे भरपाईचे अर्ज करत आपण बसतो. हे प्राणी बघायला दीड दिवसाचा प्रवास कशाला? जिराफ, झेब्रा, पाणघोडा, पांढरा गेंडा, गोरिला, चित्ता ही मंडळी मात्र आपल्या वाटेला कधी येणार नाहीत. ती एकाच फाटकाच्या आत बघायची, तर म्हैसूरसारखी जागा नाही.

कागदावर तिचं नाव श्री चामराजेंद्र प्राणी उद्यान. दहावे चामराज वाडियार यांनी १८९२ मध्ये १० एकरांत ते सुरू केलं, आज पसारा १५७ एकरांचा आहे. ते शहरातच आहे, राजवाड्यापासून रिक्षाने काही मिनिटांवर. त्यामुळे राहायला राजवाड्याच्या किंवा स्टेशनच्या आसपास कुठेही खोली घेतली तरी चालते.

आधी वार बघा, मग तिकीट काढा

मंगळवारी झू बंद असतं. यात्रा कंपनीवाल्याला हे पाठ असतं, स्वतःचं तिकीट काढून जाणाऱ्यांना फाटकावर कळतं. आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना बंद ठेवणं देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त झूला नियमानेच बंधनकारक आहे. वार ज्याचा त्याचा वेगळा. रोज हजारो माणसांच्या नजरा झेलणाऱ्या जनावरांना एक दिवस शांतता मिळते, आणि देखभालीची कामंही त्या दिवशी उरकता येतात.

उघडण्याची वेळ सकाळी साडेआठ, बंद होण्याची संध्याकाळी साडेपाच. साडेआठला फाटकावर उभे राहा. सकाळी जनावरं हिंडतात, खातात, एकमेकांशी खेळतात. बारानंतर निम्मी सावलीला पाठ करून झोपलेली असतात आणि मग लोक ‘काही दिसलंच नाही’ म्हणून परततात. शनिवार-रविवारी तिकीट जास्त आणि गर्दी त्याहून जास्त. दसऱ्याच्या दहा दिवसांत म्हैसूरला जायचं तर दसरा बघायला जा, झूचा नाद सोडा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो तेव्हा म्हैसूरचं ऊन आपल्या माणसाला काहीच वाटत नाही, शहर उंच पठारावर आहे. दुपारनंतर वळवाची सर येऊ शकते, एवढंच ध्यानात ठेवायचं. शाळेच्या सुट्टीची अडचण नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीतला मधला वार सगळ्यांत चांगला.

गाडी आणि मुक्काम

भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस सोयीची. मनमाड, दौंड, सोलापूर करत ती दुसऱ्या दिवशी बंगळुरूला पोचवते. धुळेकरांनी मनमाडला चढावं, जळगाव-भुसावळची उलटी वाट धरू नये. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत पहिल्या तासातच वेटिंग लागायला सुरुवात होते. बंगळुरूहून म्हैसूर सुमारे १४० किलोमीटर. गाड्या भरपूर आहेत, अडीच-तीन तास धरा.

पोचलात त्याच दिवशी झूला धावू नका. त्या रात्री झोपा, सकाळी जा. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचीच, ते सांगायची गरज नाही. पण उरलेला डबा झूच्या पिशवीत भरू नका. पोटभर इडली-डोसा खाऊन आत शिरा आणि जेवण बाहेर आल्यावर करा. खाण्याची पिशवी हातात असली की पोरांचं लक्ष पिशवीत आणि माकडांचंही पिशवीतच.

पिशवीत काय

फाटकावर प्लास्टिकची तपासणी होते, म्हणून पाण्याला स्टीलची बाटली. टोपी आणि चालायचे बूट न्या. नवी चप्पल या दिवशी काढू नका, आत काही किलोमीटर चालणं होतं. दुर्बीण असेल तर जरूर घ्या, साधी चालते, चित्ता बहुधा कुंपणापासून लांब गवतात पसरलेला असतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करून ठेवा.

घरात गुडघ्याची तक्रार असलेलं कोणी असेल तर बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, ती फाटकाजवळच ठरवून टाका. अर्ध्या वाटेत आजी दमल्यावर गाडी शोधत फिरण्यात काही अर्थ नाही. मात्र ज्यांना चालता येतं त्यांनी गाडीत बसू नये. गाडी जिराफासमोर थांबते तेवढ्या वेळात त्याचं एक पान खाऊन होत नाही.

आत शिरल्यावर

नकाशाच्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढा. आफ्रिकेचे कोणकोणते प्राणी सध्या बघायला आहेत ते तिथल्या माणसाला विचारा. झू एकमेकांशी प्राण्यांची देवाणघेवाण करतात, कधी एखादा आजारी असतो, त्यामुळे यादी बदलत राहते. मग पाच-सहा नावं ठरवा. बाकीच्या पिंजऱ्यांसमोरून चालता चालता बघून पुढे व्हायचं आणि ठरवलेल्यांसमोर बूड टेकायचं. झूमध्ये लोक कमी बघतात ते कमी चालल्यामुळे नाही, कुठेच न थांबल्यामुळे.

जिराफापासून सुरुवात करा. पहिलं मिनिट त्याच्या उंचीतच जातं, मोठा नर साडेपाच मीटरपर्यंत जातो. मग खाली या, तोंडाकडे बघा. पाल्याची फांदी टांगलेली असेल तर जीभ बाहेर येते, काळसर जांभळी, हातभर लांब. ती फांदीला वेढा घालते आणि डोक्याच्या एका हिसक्यात पानं ओरबाडली जातात, काडी जागेवरच राहते. आफ्रिकेत हे जनावर काटेरी बाभळींवर जगतं. आपल्या बांधावरची बाभूळ तिकडेही उगवते, तेव्हा त्या जिभेला काय सोसावं लागतं हे खान्देशच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता चाल बघा. एका बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पुढे पडतात, मग दुसऱ्या बाजूचे. डोक्यावरची शिंगं बघा. टोकाला केसांचा झुबका असेल तर बहुधा मादी, टक्कल असेल तर नर, कारण नर मानेने मारामारी करतात आणि केस झिजतात. मानेत मणके किती, हे मुलांना आधी ओळखायला सांगा. सात. तुमच्या-माझ्या मानेत असतात तेवढेच, फक्त एकेक मणका वीतभराहून लांब. हौदातलं पाणी प्यायला आला तर नशीबच म्हणा, पुढचे दोन्ही पाय फाकवून तो असा काही वाकतो की आता पडतो की काय असं वाटतं.

जिराफाच्या कुंपणाशी आपल्या बाजूची एक आजी सुनेला विचारत होती, “काय वं, हाई खाली बठस का नई?” प्रश्न अगदी बरोबर होता. बसतं, पण कमी, आणि झोपतं त्याहून कमी. खाली बसलेल्या जिराफाला उठायला वेळ लागतो आणि सिंहाला तेवढा वेळ पुरतो. पिल्लूसुद्धा मादी उभ्यानेच घालते, पंधरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर. म्हैसूरमध्ये जन्मलेली जिराफं देशातल्या दुसऱ्या झूंनाही गेली आहेत. आणि मुलांच्या वहीसाठी एक नवी गोष्ट: जिराफ ही एकच जात नसून चार वेगळ्या जाती आहेत, हे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२५ मध्ये मान्य केलं.

झेब्र्यासमोर जास्त वेळ लागत नाही. दोन झेब्रे शेजारी उभे राहिले की पट्टे जुळवून बघा, कधीच जुळत नाहीत. हे पट्टे कशासाठी यावर बरीच वर्षं वाद होता. सध्या सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो माश्यांचा. चावणाऱ्या माश्यांना पट्ट्यांवर नीट उतरता येत नाही. जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवून पाहिलं तर चावणाऱ्या माश्या जवळपास निम्म्यावर आल्या. पोळ्याला बैल रंगवणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

पाणघोड्याचं लोकांना काही वाटत नाही, कारण पाण्यावर फक्त दोन कान दिसतात. थांबा. घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत तो श्वास घ्यायला वर येईल, नाकपुड्या फुर्र करून उघडतील, कान गोल फिरून पाणी झटकतील आणि पुन्हा मिटून सगळं खाली. डोळे, कान, नाक, तिन्ही डोक्याच्या वरच्या बाजूला एका रेषेत असल्यामुळे बाकीचा देह बुडवून त्याला सगळं कळत राहतं. तो खरं तर पोहत नाही, तळावर पाय देत चालतो. बाहेर आला तर कातडीवर तांबूस चिकट घाम दिसेल. रक्त नाही ते, उन्हापासून आणि जंतूंपासून बचाव करणारा स्राव आहे. तोंड मोठं उघडलं की लोक ‘जांभई दिली’ म्हणून फोटो काढतात, पण ती बऱ्याचदा धमकी असते. आणि शेण टाकताना तो शेपटी पंख्यासारखी फिरवून चारी दिशांना उडवतो, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला कुंपणाला खेटून उभं राहू नका.

पांढरा गेंडा पांढरा नसतो, राखाडीच असतो. आपल्या आसामच्या गेंड्याला एक शिंग, याला दोन. ओठ रुंद, चौकोनी, जमिनीलगतचं गवत कापायला केलेले. दोन्ही गेंडे त्याच दिवशी बघायला मिळाले तर आधी आसामचा बघा, त्याच्या अंगावरच्या चिलखतासारख्या घड्या लक्षात ठेवून मग याच्याकडे या.

गेंड्यासमोरच मुलांना संवर्धन म्हणजे काय ते सांगता येतं, शाळेतल्या निबंधापेक्षा बरं. दक्षिणेकडचा पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शंभराच्याही आत उरला होता. राखीव जागा, पहारा आणि नेटाने केलेली पैदास यांमुळे तो पुन्हा हजारोंत गेला. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचं मात्र हे जमलं नाही. त्याचा शेवटचा नर, सुदान नावाचा, मार्च २०१८ मध्ये केनियात वारला. आता नाजिन आणि फातू अशा दोनच माद्या उरल्यात, मायलेकी, आणि त्यांच्याभोवती बंदूकधारी पहारा असतो. हे सगळं कशापायी, तर शिंगापायी, आणि शिंग बनलेलं असतं ते आपल्या नखांच्याच द्रव्याचं.

गोरिला आणि चिंपांझी: इथे आवाज बंद

२०२१ मध्ये जर्मनीहून दोन नर गोरिला म्हैसूरला आले. त्याआधी इथे पोलो नावाचा एकच गोरिला होता, वर्षानुवर्षं एकटा. तो २०१४ मध्ये गेला. कळपात राहणाऱ्या जनावराला जोडीविना ठेवणं मला कधीच पटलं नाही, त्यामुळे आताची दोघांची सोबत बघताना बरं वाटतं.

इथे लोक छाती बडवून दाखवतात, आरोळ्या मारतात. तुम्ही करू नका, पोरांनाही करू देऊ नका. गोरिलाच्या डोळ्यांत डोळे रोखून बघणं त्याला आव्हान वाटतं, म्हणून जरा बाजूला नजर ठेवून बघा. हात बघा, नखं बघा, खाताना देठ सोलण्याची पद्धत बघा. चिंपांझीकडे गेल्यावर शेपूट शोधायला सांगा. माकडाला असते, यांना नसते, आणि हा फरक एकदा कळला की पोरं प्रत्येक पिंजऱ्यासमोर शेपट्या तपासत फिरतात.

चित्ता शेवटी, पण घाईत नाही

आपल्याकडे बिबट्यालाच चित्ता म्हणायची सवय आहे, पेपरातसुद्धा. इथे ती कायमची मोडता येते. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलं असतात. चित्त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, बिबट्याला ती नसते. चित्ता डरकाळी फोडत नाही. पक्ष्यासारखी चिवचिव करतो, मांजरासारखा घुरघुरतो. पंजा दिसला तर नखं पूर्ण आत जात नाहीत हेही दिसेल, धावताना तीच जमिनीत रुततात.

म्हैसूरचे चित्ते आफ्रिकेचे. भारतातला आपला चित्ता आशियाई होता. तो १९५२ मध्ये सरकारने नामशेष झाल्याचं जाहीर केलं. २०२२ च्या १७ सप्टेंबरला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा आले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांतले दोन गांधीसागर अभयारण्यात हलवले. त्यावर वाद आहेत आणि ते असावेतही. माझ्या मते चित्त्याला जागा द्यायची तर आधी गवताळ माळ राखायला हवेत, आणि माळाला आपण अजून ‘पडीक’ म्हणतो. पण म्हैसूरच्या कुंपणापलीकडचं हे जनावर बघून आल्यावर कुनोची बातमी घरात वेगळ्या कानाने ऐकली जाते, एवढं नक्की.

खायला घालणं, चिडवणं

हा फक्त शिष्टाचाराचा विषय नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८-जे प्रमाणे झूमधल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाजाने त्रास देणं आणि तिथे कचरा टाकणं हा गुन्हा आहे. केळं प्रेमाने दिलं तरी. आपण केळीच्या मुलखातले, आपल्याला वाटतं एका केळ्याने काय होतंय. प्रत्येक प्राण्याचा आहार मोजून ठरवलेला असतो, आणि दिवसाला हजारो माणसांपैकी शंभरांनी जरी एकेक केळं दिलं तरी त्याचं पोट बिघडतं. शेजारचा कोणी देत असेल तर त्याच्याशी भांडू नका, जवळच्या रखवालदाराला सांगा.

एखादं जनावर एकाच वाटेवर सारखं येरझाऱ्या घालताना किंवा मान हलवत राहताना दिसलं तर ‘नाचतंय’ म्हणून हसू नये. बंदिवासातला ताण किंवा कंटाळा असा दिसतो. उलट, पिंजऱ्यात टांगलेले ओंडके, लपवून ठेवलेलं खाणं, फिरते पिंप असं काही दिसलं तर समजा की प्राण्याचं डोकं गुंतवून ठेवायचा प्रयत्न चालू आहे. झू चांगलं की वाईट हे ठरवायला मी आधी हेच बघतो. तिकिटाची इमारत किती चकाचक आहे ते नंतर.

दत्तक घ्यायचं असेल तर

म्हैसूरच्या झूत प्राणी दत्तक योजना आहे. जनावर अर्थातच तिथेच राहतं, तुम्ही त्याच्या ठरावीक काळाच्या खर्चाचे पैसे भरता. लव्हबर्डपासून हत्तीपर्यंत रकमा वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे खिसा बेताचा असला तरी काहीतरी जमतं. २०२१ च्या लॉकडाउनमध्ये फाटक बंद होऊन तिकिटाचे पैसे थांबले तेव्हा राज्यभरातल्या लोकांनी असे प्राणी दत्तक घेतले होते. मुलाच्या वाढदिवसाचा केक एक वर्ष छोटा करून त्याच्या नावाने एखादा पक्षी घेणं ही वाईट कल्पना नाही. चौकशी झूच्या कार्यालयात करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर, मध्यस्थाला पैसे देऊ नका.

म्हैसूर लांब पडत असेल तर

नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवावाल्यांना आधी एकतानगर. सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळचं जंगल सफारी हे ३७५ एकरांचं झू २०२० मध्ये सुरू झालं, तिथे जिराफ आणि झेब्रेही आहेत. अक्कलकुव्याहून सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा या रस्त्याने जाता येतं. पहाटे निघालात तर रात्री घरी. जागा डोंगरउतारावर आहे, चढ-उतार बराच, म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी आतल्या गाडीची चौकशी आधी करा. पुतळा आणि सफारी एका दिवसात उरकायचा मोह होतो, तेव्हा सफारी सकाळी आणि पुतळा दुपारनंतर ठेवा. तिकीट ऑनलाइन काढताना सफारीचं वेगळं आहे हे बघून घ्या. आणि इथली सुट्टी मंगळवारी नाही, सोमवारी असते.